बारा फोटोंचा रोल

मीडियम फॉरमॅट म्हटले की आज डोळ्यांपुढे येतो तो काही लाखांचा कॅमेरा. हॅसलब्लाड किंवा फुजीफिल्मचा जीएफएक्स, त्यात पन्नास नाहीतर शंभर मेगापिक्सेल, आणि तो वापरणारा माणूस जाहिरातीच्या नाहीतर फॅशनच्या धंद्यातला. शहाद्याच्या बाजारपेठेत असला कॅमेरा मागायला गेलात तर दुकानदार तुम्हालाच वरपासून खालपर्यंत न्याहाळेल. पण त्याच दुकानदाराच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, मीडियम फॉरमॅटचा एक कॅमेरा पडून असण्याची शक्यता चांगलीच आहे. एके काळी बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. साधे भिंग, काळा डबा, एक खटका. लग्नात भेट आलेला, नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेला, किंवा मामाने वापरून दिलेला. त्यात जो रोल जायचा तोच रोल जुन्या हॅसलब्लाडमध्येही जायचा: वन-ट्वेंटी.

हा रोल कोडॅकने १९०१ मध्ये आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि तो आजही बनतो. फिल्मची रुंदी साधारण सहा सेंटिमीटर. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात तिच्यावर बारा चौरस फोटो बसत. नाव सहा बाय सहाचे असले तरी प्रत्यक्ष चौकट ५६ मिलिमीटरच्या आसपास भरते. पुढे घरोघरी आलेल्या पस्तीस मिलिमीटरच्या रोलवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. वन-ट्वेंटीची ३१३६. साडेतीन पटींहून जास्त. आणि आजच्या जीएफएक्सचा सेन्सर ४४ बाय ३३, म्हणजे १४५२. लाखांच्या डिजिटल मीडियम फॉरमॅटचे क्षेत्रफळ मामाच्या क्लिक थ्रीच्या निगेटिव्हच्या निम्म्याहूनही कमी! भिंगाचा दर्जा, सेन्सरची ताकद या गोष्टी अर्थातच वेगळ्या. पण फॉरमॅट या शब्दाला फक्त आकार कळतो, किंमत कळत नाही.

या रोलची रचनाही मोठी साधी. फिल्मच्या पाठीला काळा कागद, त्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी. सहा बाय नऊच्या कॅमेऱ्यात आठ फोटो, सहा बाय सहाच्या कॅमेऱ्यात बारा, सहा बाय साडेचारच्या कॅमेऱ्यात सोळा. ज्याची खिडकी ज्या ओळीवर येईल त्याने तो आकडा वाचायचा. कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची गोल खिडकी असे. चावी फिरवायची, आकडा खिडकीच्या मध्यावर आला की थांबायचे. साध्या कॅमेऱ्यात फिरवायला विसरलात तर एकाच चौकटीत दोन फोटो, आणि मग आत्याच्या खांद्यातून मंदिराचा कळस उगवलेला. परदेशी रोल महाग पडत, तेव्हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा कृष्णधवल रोल मिळे. थंड आणि धूळ नसलेली हवा म्हणून तो सरकारी कारखाना निलगिरीत काढला होता. कॅमेरा बडोद्याचा, रोल उटीचा, धुलाई तालुक्याच्या स्टुडिओत, अशी ही स्वदेशी साखळी होती.

शहाद्याजवळचे पुरुषोत्तमनगर हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण. पी. के. अण्णा पाटील यांचे नाव ज्याच्याशी कायमचे जोडले गेले तो हा कारखाना. साखर कारखान्याच्या कुठल्याही वसाहतीत जुने अल्बम निघाले की त्यात ठरावीक प्रसंग सापडतात: बॉयलरचे अग्निप्रदीपन, गव्हाणीत पहिली मोळी टाकताना पाहुण्यांचे पुढे झुकलेले फेटे, संचालक मंडळाचा खुर्च्या मांडून काढलेला फोटो, क्वार्टरच्या दारात नवी सायकल. या भागात त्यात आणखी भर पडते ती सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेची आणि तिथल्या घोडेबाजाराची, प्रकाशाच्या घाटांची, तोरणमाळच्या यशवंत तलावाची. यातले जुने फोटो बऱ्याचदा चौरस असतात, पांढऱ्या किनारीचे, हाताच्या पंजात मावणारे. कित्येक तर एन्लार्जरवर काढलेलेच नसत. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवायची, वर काच दाबायची, दिवा लावायचा. निगेटिव्ह जेवढी, तेवढाच फोटो. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात.

आणि मीडियम फॉरमॅटच्या हौशी माणसांशी बोलताना माझे मतभेद सुरू होतात ते इथे. बहुतेक जण या आकाराची थोरवी सांगतात ती शार्पनेसवरून. मोठी निगेटिव्ह, म्हणून कमी वाढवावी लागते, म्हणून दाणा बारीक आणि तपशील जास्त. हे खरेच आहे. बारा इंची चौरस प्रिंट काढायला सहा बाय सहाची निगेटिव्ह साडेपाच पट वाढवावी लागते, तर पस्तीस मिलिमीटरची, चौरस कापून घेतली तर, साडेबारा पट. पण मला या आकाराचा मोठा गुण दुसराच वाटतो. हा फोटो काढताना आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा, एकापेक्षा जास्त माणसांना एकदम बघता येतो.

ट्विन लेन्स कॅमेरा आठवा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके या कंपनीने १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स आणला आणि पुढे त्याच धर्तीवर जपानची याशिका, चीनचा सीगल, रशियाचा लुबिटेल असे स्वस्त-महाग भाऊबंद निघाले. वरच्या भिंगातून बघायचे, खालच्याने फोटो निघायचा. बघायचे तेही डोळा लावून नाही. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून, वरच्या घासलेल्या काचेवर. काचेवर चित्र सरळ उभे, पण डावे-उजवे उलटे. नवशिक्या माणूस चौकट डावीकडे न्यायला जातो आणि चित्र भलतीकडे पळते. पण त्या काचेवर शेजारचा माणूसही वाकून बघू शकतो. स्टुडिओतला पोरगा उस्तादाच्या खांद्यावरून बघतच शिकायचा: “नवरीचा पदर कापतोय बघ.” डोळ्याला चिकटवायच्या कॅमेऱ्यात ही सोय नाही, तिथे बघणारा एकटा असतो. फोनच्या पडद्याने ती सोय परत आणली, हे मान्य करायला हवे.

धुलाईनंतरही तेच. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही, भिंग घ्यावे लागते. वन-ट्वेंटीचा रोल तीन-तीनच्या चार पट्ट्यांत कापला की आठ बाय दहा इंचाच्या एका कागदावर अख्खा बसतो. बारा फोटो, एक कागद: हीच कॉन्टॅक्ट शीट. तो टेबलावर टाकला की भोवती बसलेले तिघे-चौघे कुणालाही न विचारता बोट ठेवू शकतात. स्टुडिओवाल्यांना निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने रिटचिंग करून सुरकुत्या आणि डाग घालवता येत, तेही या आकारामुळेच. छोट्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची तर नाकच पुसले जायचे.

फोटो एकत्र बसून बघण्याची आपल्याकडची परंपरा रोलच्याही आधीची आहे. लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५३ मध्ये. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली. भारतातली ती पहिली. तिच्या सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही, नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. त्या काळात काम काचेच्या नाहीतर कागदाच्या निगेटिव्हवर आणि सगळ्या प्रिंटा कॉन्टॅक्ट, म्हणजे जेवढी निगेटिव्ह तेवढे चित्र. सभासद आपापल्या प्रिंटा घेऊन यायचे, रसायनांच्या कृती एकमेकांना सांगायचे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचे मासिक काढले. त्याच्या अंकात छापील चित्रे नसत, खऱ्या प्रिंटा चिकटवलेल्या असत. त्या प्रत्येक प्रतीसाठी हाताने, उन्हात काढाव्या लागत. त्या मासिकाचा अंक घरी येणे म्हणजे कुणीतरी आपल्या हातच्या प्रिंटा आपल्याला बघायला पाठवणेच होते.

विसाव्या शतकात ही बैठक ‘सलोन’ झाली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ ची, फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ ची. देशभरातून प्रिंटा पोस्टाने यायच्या, परीक्षक त्या एकामागून एक उजेडात ठेवून गुण द्यायचे, निवडलेल्या भिंतीवर लागायच्या आणि पाठीवर शिक्के मिरवत परत जायच्या. या संस्थांनी गावोगावच्या हौशी माणसांना शिस्त लावली, प्रिंट स्वच्छ काढायला शिकवले, हे उपकार मोठे. पण सलोनमध्ये एक उणीव राहिलीच. परीक्षकाला दिसते ते एक चित्र, बारातले अकरा दिसत नाहीत. गुण कळतात, पण दहापैकी सहाच का मिळाले ते कळत नाही. म्हणून सलोनच्या चित्रांना हळूहळू एक ठरावीक वळण लागले: धुक्यातला बैलगाडीवाला, तिरप्या उन्हात धुळीतून येणारी मेंढरे, सुरकुतलेला म्हातारा. सारंगखेड्याच्या यात्रेत आजही पहाटे धुळीकडे कॅमेरे रोखून उभ्या असलेल्या रांगेत ते वळण दिसते.

सलोनपेक्षा मला कॉन्टॅक्ट शीट प्रामाणिक वाटते. तिच्यात माणूस विचार कसा करत गेला ते दिसते. पहिली चौकट लांबून, दुसरी जवळून, तिसऱ्यात कुणीतरी मध्ये आले, चौथी-पाचवी घाबरत, सहावीत जमले, आणि मग सातवी ते बारावी जमलेलेच पुन्हापुन्हा. चर्चा करायची तर या क्रमाची करावी. “सहावी चांगली आहे” हे सगळ्यांनाच दिसते. “दुसरीनंतर तू उजवीकडे का सरकला नाहीस?” हा प्रश्न खरा.

एक उदाहरण घेऊ, सारंगखेड्याच्याच घोड्याचे. ट्विन लेन्स कॅमेऱ्याचे भिंग साधारण ७५ ते ८० मिलिमीटरचे असते. सहा बाय सहासाठी ते नेहमीच्या नजरेचे भिंग, पस्तीस मिलिमीटरसाठी पन्नासचे असते तसे. दोन मीटरवर उभा घोडा, छिद्र पूर्ण उघडे, एफ २.८. अशा वेळी शार्प राहणारा पट्टा असतो जेमतेम सतरा-अठरा सेंटिमीटरचा. पस्तीस मिलिमीटरच्या पन्नासच्या भिंगाने तोच पट्टा सत्तावीसच्या घरात जातो. आता घोडा तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर नाकपुडीपासून कानापर्यंत अर्धा मीटर सहज. डोळा शार्प, नाकपुडी आउट, कान आउट. छिद्र एफ ११ वर आणले की पट्टा सत्तर सेंटिमीटरच्या आसपास होतो आणि घोड्याचे अख्खे तोंड त्यात बसते. पण उजेड सोळाव्या हिश्शावर येतो आणि शटर मंदावते. पहाटेच्या बाजारात ते परवडेलच असे नाही, घोडा मान हलवतोच. मग मार्ग उरतो तो घोड्याला बाजूने धरण्याचा, म्हणजे त्याचे तोंड फिल्मला समांतर येईल. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाला ही युक्ती माहीत असते, आणि पुढच्या वर्षी ती चौघांना माहीत असते.

चौरस चौकटीचीही वेगळी भाषा आहे. आडव्या फोटोत नजर डावीकडून उजवीकडे चालत जाते. चौरसात ती फिरते आणि मध्यावर परत येते. म्हणून तिथे विषय मधोमध ठेवला तरी चालतो, जे आडव्या फोटोत बहुधा कंटाळवाणे दिसते. पण चौरसाच्या चार कोपऱ्यांत काय आले आहे याला मात्र महत्त्व येते; एका कोपऱ्यातला पांढरा ट्रॅक्टर सगळा फोटो आपल्याकडे ओढून नेतो. कॉन्टॅक्ट शीट उलटी धरून बघण्याची जुनी सवय याचसाठी. चेहरे ओळखू येईनासे झाले की काळ्या-पांढऱ्याचे वजन तेवढे दिसते.

छटांबद्दल बोलायला तर शब्दच लागतात, आणि इथे अमेरिकेतल्या अन्सेल ॲडम्सचा उपयोग होतो. १९३९-४० च्या सुमारास त्याने आणि फ्रेड आर्चरने झोन सिस्टिम बांधली: पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा टप्पे. मधला पाचवा टप्पा म्हणजे अठरा टक्के प्रकाश परतवणारा करडा रंग; उजेड मापणारा मीटर सगळ्या जगाला तोच करडा समजतो. पांढरेशुभ्र धोतर मापले तर मीटर त्याला करडे करू बघतो, काळी म्हैस मापली तर तिलाही करडीच. खानदेशच्या उन्हात काळसावळा चेहरा आणि पांढरी टोपी एकाच चौकटीत येतात तेव्हा नुसते “छान” किंवा “डार्क झाला” म्हणून भागत नाही. “चेहरा चौथ्यावर हवा होता, तिसऱ्यावर पडलाय, टोपीत धागा दिसत नाही म्हणजे ती आठव्याच्या पुढे गेली” असे म्हणता आले की पुढच्या वेळी काय करायचे तेही कळते. उजेड वाढवायचा, की धुलाई कमी करायची, की माणसाला लिंबाच्या सावलीत उभे करायचे? बहुतेक वेळा तिसरेच उत्तर बरोबर असते.

आता फोनचे. आजच्या हौशी मंडळींची बैठक भरते ती व्हॉट्सॲपवर, आणि तिथे मीडियम फॉरमॅटचे पुरते मातेरे होते. सहा बाय सहाची निगेटिव्ह २४०० डीपीआयने स्कॅन केली तर बाजू सुमारे ५३०० पिक्सेल, एकूण दोन कोटी ऐंशी लाख पिक्सेल. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो फोन आवळतो आणि मोठी बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणतो. उरतात साधारण पंचवीस लाख. अकरातले दहा पिक्सेल वाटेतच सांडले. पस्तीस मिलिमीटरचा फोटोही त्याच मापात आवळला जातो. मग दोन्ही सारखेच दिसले यात नवल ते काय? वर कुणी “जबरदस्त क्लिक” असे लिहून अंगठा दाखवतो आणि बैठक संपते. यावर तोड आहे. अख्खा फोटो पाठवायचाच, पण सोबत त्यातला डोळ्याएवढा तुकडा पूर्ण मापात कापून पाठवायचा, आणि कॉन्टॅक्ट शीटचाही फोटो. किंवा फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, म्हणजे ती आवळली जात नाही. आणि चर्चा नेमकी करायची असेल तर एक प्रश्न स्वतःच विचारून ठेवायचा. प्रश्न नसला की कौतुकाशिवाय दुसरे काही मिळत नाही.

स्कॅनरही हवाच असे नाही. निगेटिव्ह एखाद्या टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर, दोन-तीन सेंटिमीटर उंच काचेवर ठेवायची (नाहीतर पडद्याचे ठिपके उमटतात), वरून कॅमेरा सरळ धरायचा, आणि संगणकावर उलटी छटा करायची.

पुरुषोत्तमनगरसारख्या ठिकाणी रोल धुण्याची कथा मात्र पुस्तकांहून वेगळी. पुस्तके सांगतात, डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी हात पोळणारे. गरम डेव्हलपरमध्ये काम भराभर होते, निगेटिव्ह दाट होते, जिलेटिन फुगते आणि गरम पाण्यातून एकदम थंडात टाकली तर त्यावर बारीक जाळी पडते. बर्फाच्या घमेल्यात बाटल्या ठेवून काम भागवता येते, पण फिल्म धुवायलाही तेवढेच गार पाणी लागते हे लोक विसरतात. न वापरलेले रोलही उन्हाळ्यात फ्रीजमध्येच ठेवावेत. उष्णतेने आणि दमटपणाने पाठीच्या कागदावरचे आकडे फोटोत उमटल्याची उदाहरणे आहेत.

डिसेंबर-जानेवारीत नळाचे पाणी आपोआप वीसच्या जवळ येते, दत्तजयंतीची यात्राही तेव्हाच. म्हणजे हंगाम जमला. पण नेमका तोच गाळपाचाही हंगाम. बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जळते, आणि गाळप चालू असलेल्या कुठल्याही कारखान्याच्या आसमंतात राहिलेल्या बाईला विचारा, दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काय पडते ते. ती काळी हलकी राख ओल्या जिलेटिनवर बसली की वाळून तिथेच रुतते, आणि प्रिंटवर तिचा ठिपका पांढरा येतो. मग बारीक कुंचल्याने एकेक ठिपका शाई लावून भरत बसा. उपाय घरगुती आहे: न्हाणीघरात आधी कढत पाणी सोडून वाफ करायची, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते, शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, रोल दोन चिमट्यांना लटकवून दार घट्ट लावायचे, आणि घरच्यांनी आंघोळी आधीच उरकायच्या.

रसायनांचे काम कारखान्याच्या माणसाला अवघड नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. डी-७६ हा शंभर वर्षांच्या घरातला डेव्हलपर: एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. ज्याने आयुष्यभर लॅबमध्ये रसाची ब्रिक्स आणि पोल ही मापे काढली, त्याला दोन ग्रॅम म्हणजे दोनच ग्रॅम हे शिकवावे लागत नाही. रस स्वच्छ करायला कारखाना गंधकाचा धूर वापरतो आणि डेव्हलपर हवेने खराब होऊ नये म्हणून त्यात सल्फाइट घालतात. दोन्हीकडचे रसायन एकाच कुळातले. धुलाईनंतरचा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तेही गंधकाचेच.

आपला फोटो दुसऱ्याला दाखवणे सगळ्यांनाच जमते असेही नाही. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणारी व्हिव्हियन मायर रोलायफ्लेक्स घेऊन वर्षानुवर्षे रस्त्यांवर हिंडली. २००७ मध्ये तिच्या पेट्या लिलावात निघाल्या आणि लाखाहून जास्त निगेटिव्ह सापडल्या. कित्येक रोल तर धुतलेलेच नव्हते. आज जग तिला थोर मानते. पण तिच्या शीटवर कुणी बोट ठेवून “उजवीकडे का सरकली नाहीस” असे विचारले नसावे. उलट आपल्या शेजारच्या, नवसारीत १९१३ मध्ये जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला. हातात रोलायफ्लेक्स, काम वृत्तपत्रांचे, म्हणजे काढलेले चित्र दुसऱ्या दिवशी हजारोंच्या समोर. त्यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला आणि उत्तरायुष्य बडोद्यात काढले. आजच्या दयानिता सिंह तर दाखवण्याच्या रीतीवरच काम करतात. हॅसलब्लाडच्या चौरस चित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या छायाचित्रकाराने ‘म्युझियम भवन’ या संचात घडीची छोटी पुस्तके दिली. घेणाऱ्याने ती घरच्या कपाटावर उलगडून आपले प्रदर्शन मांडावे. २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला.

नंदुरबार जिल्ह्यात कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची मोठी गर्दी होते ती होळीच्या दिवसांत. भोंगऱ्या बाजार, काठी गावची राजवाडी होळी, अंगावर ठिपके रंगवलेले आणि कमरेला घुंगरू बांधलेले, व्रत पाळणारे बावे. इथे मुंबईत फोटोंचे मासिक काढणाऱ्या विल्यम जॉन्सनचे पुस्तक आठवावे. १८६० च्या दशकात त्याने मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यात माणसांचे फोटो वेगळ्या जागी घेऊन मागे दुसरीच दृश्ये जोडली होती. माणसे नमुना म्हणून मांडली होती, नावे नव्हती. आपल्या होळीच्या फोटोंत पार्श्वभूमी खरी असते एवढाच फरक राहू नये. ज्याचा फोटो काढला त्याला विचारलेले असावे, त्याचे नाव आणि पाडा त्याच दिवशी वहीत उतरलेला असावा, आणि कॉन्टॅक्ट शीट घेऊन छायाचित्रकाराने त्याच्याकडे परत जावे.

तिथे होणारी चर्चा आपल्या टेबलावरच्या चर्चेहून निराळी असते. छायाचित्रकाराने लाल खूण केलेली असते सातव्या चौकटीवर: चेहरा अर्धा उजेडात, मोरपिसांचा टोप चौकटीबाहेर गेलेला, ॲडम्सच्या हिशेबाने सगळ्या छटा जागच्या जागी. समोरचा माणूस बारा चौकटी शांतपणे बघतो आणि बोट ठेवतो तिसरीवर, जी लांबून आणि समोरून आली आहे. “ह्यात पाय दिसतात,” तो म्हणतो, “आणि टोप पूर्ण आहे. घुंगरू कुणाचे ते माहीत आहे का तुम्हाला?” मग घुंगरांची गोष्ट निघते, व्रताचे किती दिवस पाळले ती गोष्ट निघते, शेजारी उभा आहे तो कोण हे कळते. सातवी चौकट सलोनला पाठवावी, खुशाल. तिसरीची मात्र मोठी प्रिंट काढून त्याच्या घरी पोचवावी, आणि पाठीमागे पेन्सिलने नावे लिहावीत, तो सांगेल त्याच क्रमाने.